भंगार मांडलं की फोटो जाहिरातीसारखाच का दिसतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. समुद्रकिनारी, रस्त्यात, भंगारात सापडलेल्या वस्तू घरी आणता, मांडता, फोटो काढता. पण कॉलेजात सगळे म्हणतात, 'छान आहे, जाहिरात वाटते.' हे का होतं? दुसरं, वस्तूच मांडायच्या तर ती मांडणीच दालनात ठेवावी, मध्ये कॅमेरा कशाला? आणि तिसरं, एका खोलीच्या घरात शूटनंतर हे सगळं ठेवायचं कुठे? तिसरा प्रश्न वाचून हसू आलं. सव्वीस वर्षं टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून फोटो काढण्याचं काम, करूनही तो माझा सुटलेला नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी धंद्यानं जाहिरातींची प्रॉडक्ट फोटोग्राफर. साबण, बिस्किटं, मसाल्याची पाकिटं, कुकर. करी रोडला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. पोट त्यावर भरतं आणि उरलेल्या वेळात, गेली पंधराएक वर्षं, लोकांनी टाकलेल्या वस्तू मांडून त्यांचे फोटो काढते. म्हणजे तुमच्या फोटोंना जी खोड लागली आहे, ती दिवसभर पैसे घेऊन मी इतरांच्या फोटोंना लावत असते. त्यामुळे ती मला लांबून ओळखता येते.

तुमच्या फोटोंत गंजलेली किटली पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक शीटवर आहे, मागचं टोक वर वळवलेलं, म्हणजे टेबल कुठे संपतं ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी मऊ उजेड. कॅमेरा थोडा वरून, थोडा तिरका. मागचं सगळं धूसर. अहो, हा साबणाचा सेटअप आहे! त्यात किटली ठेवा, चप्पल ठेवा, नाही तर हाडूक ठेवा. बघणाऱ्याला वाटणार की खाली किंमत लिहायची राहिली.

दोष दिव्याचा आहे आणि तो का आहे ते एका पोळपाटावरून सांगते.

नायगावच्या बीडीडी चाळीतून एक कुटुंब बाहेर पडत होतं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या त्या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथून निघताना लोक फ्रिज नेतात, देव नेतात आणि पोळपाट ठेवून जातात, कारण नव्या घरात नवा येणार असतो. तो जिन्याखाली पडलेला. लाकडाचा, तीन पायांचा. मधोमध लाटून लाटून बशीसारखा खोलगट झालेला. एका बाजूला गरम तवा टेकल्याचा काळा अर्धचंद्र. उलटा केला तर तिसरा पाय मुळातला नाहीच. तुटल्यावर कुणी तरी रबरी चपलेच्या तळव्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेले. खिळा वरच्या बाजूनं किंचित डोकावत होता आणि त्यावर पितळेसारखी चकाकी आली होती. पीठ आणि हात, दुसरं काय.

पहिल्यांदा मी त्याचा फोटो सवयीनं काढला. मोठा सॉफ्टबॉक्स वर, समोरून सावलीत उजेड परतवायला थर्मोकोलचा फिलर. पडद्यावर आलेला पोळपाट सुंदर होता आणि खोटा होता. खोलगटपणा गायब, खिळा गायब. मराठी थाळीचं महागडं हॉटेल उघडलं आणि मेनूकार्डावर तो छापला तर शोभला असता.

कारण साधं आहे. सॉफ्टबॉक्स म्हणजे वस्तूच्या मानानं मोठा आणि जवळचा दिवा. दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड विरत जाते. खड्डा, चरा, पोचा, उकललेली नस हे सगळं आपल्याला दिसतं ते त्यांच्या बारीक सावल्यांमुळे. सावली विरली की खड्डाही विरला. जाहिरातीत हेच हवं असतं, कारण विकायची वस्तू न वापरलेली दिसायला हवी. तुमच्या वस्तूचं तर सगळं भांडवल ती वापरलेली आहे हेच. तुम्ही किनाऱ्यावरून घरापर्यंत जे वाहून आणलंत, ते दिव्यानं पुसून टाकताय.

मग मी सगळे दिवे बंद केले, एकच लहान, उघडा दिवा घेतला आणि टेबलाच्या पातळीपेक्षा जेमतेम वितभर वर, दहा फुटांवर ठेवला. उजेड लाकडाला घासून जायला लागला. खोलगट भाग अर्धा काळोखात गेला आणि पोळपाट एकदम खोल तळ्यासारखा दिसला. समोरच्या बाजूला थर्मोकोलऐवजी काळा पुठ्ठा लावला, म्हणजे सावलीत परतीचा उजेड शिरणार नाही. बस. दुसरं काहीही केलं नाही.

दहा फूट का, तर उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो म्हणून. टेबल चार फुटांचं आणि दिवा जवळच्या टोकापासून दोन फुटांवर असेल, तर लांबचं टोक सहा फुटांवर पडतं आणि जवळच्या टोकाला नऊपट जास्त उजेड मिळतो. तोच दिवा दहा फुटांवर नेला तर लांबचं टोक चौदा फुटांवर, आणि फरक फक्त दुपटीचा. घरात दहा फूट मिळत नसतील तर दिवा बाहेरच्या व्हरांड्यात ठेवा आणि दारातून आत येऊ द्या. मी गाळा घेण्याआधी गिरगावातल्या भाड्याच्या खोलीत हेच करायचे; शेजारच्या काकू 'आज नाटक आहे का गं?' म्हणून विचारायच्या.

दुसरी चूक तुम्ही करत असाल की नाही माहीत नाही, मी मात्र केली आहे. वस्तू धुण्याची. पावसाळ्यात मोठी भरती आली की समुद्र आपला माल परत करतो. माहीम, दादर, मरिन ड्राइव्ह, सगळीकडे. एका जुलैत मी माहीमच्या किनाऱ्यावरून चाळीस चपला उचलल्या. चाळीसही सुट्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. काहींवर हिरवं शेवाळ, काहींच्या तळव्याला पांढरी, टोकदार कवचं चिकटलेली, एकीच्या अंगठ्यात नायलॉनच्या जाळ्याचा धागा इतका गुरफटलेला की तो तिचाच भाग झाला होता. वास भयंकर. मदतनीस पोरगा नाकाला रुमाल लावून उभा. मग मी शहाणपणा केला: दोन टब, धुण्याची पावडर, रात्रभर भिजत. सकाळी चपला लख्ख. शेवाळ गेलं, मिठाची पांढरी झाक गेली, कवचं घासताना सुटली. उरल्या चाळीस स्वस्त चपला, फुटपाथवरच्या ढिगातून आणल्यासारख्या. त्या मांडून काढलेला फोटो मी कधी कुणाला दाखवला नाही. तेव्हापासून सुकवते, झटकते, पण धूत नाही. वास फोटोत येत नाही, मीठ येतं.

आता असं समजू नका की जाहिरातीचं शिक्षण या कामाला मारक आहे. अर्विंग पेन हा फॅशन मासिकांसाठी आयुष्यभर काम केलेला फोटोग्राफर. त्यानं १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून फोटो काढले आणि ते प्लॅटिनमच्या प्रक्रियेनं मोठे छापले. चिरडलेलं, ओलं होऊन सुकलेलं थोटूक हातभर उंच, एखाद्या खांबासारखं. १९७५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागले. पार्श्वभूमी कोरी, मांडणी नेटकी, सगळं कसब धंद्यातलंच. पण कागदाची प्रत्येक सुरकुती आणि डागाची प्रत्येक कड शाबूत. कोऱ्या पार्श्वभूमीशी माझं भांडण नाही. पुसट उजेडाशी आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. मांडणीच का नको, फोटो कशाला?

लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तुम्ही, चाळीत नसेल तर सोसायटीच्या कोपऱ्यात. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, अळीव पेरून जंगल, आरशाच्या तुकड्याचं तळं. सगळा सापडलेला माल. आणि कुणी बघायला आलं की आपण काय म्हणायचो? 'उभं राहून नाही, इथे बसून बघा. इथून!' कारण त्या एका जागेवरूनच मागची भिंत डोंगरासारखी दिसायची आणि मावळा खरा वाटायचा. दोन पावलं बाजूला सरकलं की गोणपाट ते गोणपाट. कॅमेरा म्हणजे बघणाऱ्याला 'इथून' म्हणून बसवणं. तुमची मांडणी कुठूनही बघितली तरी तितकीच बोलत असेल, तर खरंच फोटो काढू नका, दालनात ठेवा. एकाच जागेवरून ती वेगळं काही होत असेल, तरच कॅमेऱ्याची गरज आहे.

हा फरक एकाच कलावंताच्या दोन कामांत लख्ख दिसतो. विवान सुंदरम, अमृता शेरगिल यांचे भाचे, २०२३ मध्ये गेले. त्यांनी २००५ मध्ये '१२ बेड वॉर्ड' नावाची मांडणी केली: लोखंडी खाटांच्या रांगा आणि गादीच्या जागी दोरीनं ओवलेले जुन्या चपला-बुटांचे तळवे. ते फोटोत बघून भागत नाही. दोन खाटांमधून चालायला हवं, आपले पाय आणि ते तळवे एकाच खोलीत असायला हवेत. पुढे २००८ मध्ये त्यांनी 'ट्रॅश' केलं. दिल्लीतल्या स्टुडिओत, कचरा वेचणाऱ्यांच्या मदतीनं गोळा केलेल्या मालातून जमिनीवर एक अख्खं शहर रचलं. डबे, बाटल्या, पॅकिंगचे तुकडे यांच्या इमारती, वस्त्या, रस्ते. आणि ते दाखवलं फोटोंमधून, मोठ्या आकारात. जमिनीवर ते कचऱ्याचं आवार होतं. वरून पाहिल्यावर विमानातून दिसणारं महानगर झालं. सांताक्रूझला उतरताना खिडकीतून कुर्ल्याचे पत्रे पाहिलेल्या माणसाला तो धक्का वेगळा सांगायला नको. कलावंत तोच, माल साधारण तोच, पण एकाला पावलं हवी होती आणि एकाला उंची.

ब्राझीलचा कलावंत विक मुनीझ, त्याचंही तेच. त्याच २००८ सालच्या सुमारास रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या प्रचंड कचराभूमीवर तो काम करत होता. तिथे माल वेचणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांवरून एका मोठ्या शेडच्या जमिनीवर कचऱ्यानं त्यांचीच चित्रं रचली. रचणारे हातही त्यांचेच. फोटो काढला उंचावरून. एकात वेचकांच्या संघटनेचा तरुण पुढारी टाकलेल्या बाथटबमध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीत बाथटबमध्येच मारल्या गेलेल्या मारा या पुढाऱ्यासारखा पहुडलाय. जमिनीवर उभ्या माणसाला तिथे फक्त बाटल्यांची झाकणं आणि टायर दिसतात. चेहरा फक्त वर आहे, कॅमेऱ्यापाशी.

फोटोचं आणखी एक कारण असतं: वस्तू टिकतच नाही. पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या स्विस जोडीनं १९८४ ते ८६ मध्ये घरातल्या वस्तूंचे तोल साधून फोटो काढले. खुर्च्या, बाटल्या, बूट, गाजरं एकमेकांवर कशीबशी तोललेली. शटर पडेपर्यंत उभं, नंतर खाली. दालनात ते ठेवणार कसं? गोंद लावला तर तोलाचं नाटक झालं. आणि सगळ्यांचा आजोबा म्हणजे मार्सेल द्यूशाँनं १९१७ साली कलाकृती म्हणून पाठवलेली मुतारी. ती न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडूच दिली नाही आणि लवकरच हरवली. फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिगलिट्झनं तिचा फोटो काढला होता: आडवी टाकलेली, चौथऱ्यावर, मागे चित्रकार मार्सडन हार्टलीचं चित्र मुद्दाम उभं केलेलं. म्हणजे रीतसर सेट लावून काढलेला फोटो. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर द्यूशाँच्या संमतीनं केलेल्या प्रतिकृती. मूळ वस्तूचं जे काही उरलं, ते त्या फोटोत.

आता कामाचं. मांडणी टेबलाशी उभं राहून करू नका. आधी कॅमेरा तिपाईवर पक्का करा, पायांभोवती जमिनीवर टेप लावा, लॅपटॉपला जोडा आणि पडद्यात बघत वस्तू ठेवा. सुरुवातीला हात उलटा चालतो. वस्तू डावीकडे सरकवायची तर आपण उजवीकडे ढकलतो. आठवड्यात सवय होते. याचा फायदा असा की जे पडद्याबाहेर आहे त्याची तुम्हाला फिकीर राहत नाही. माझ्या निम्म्या वस्तू मागून विटा, तंगूस आणि एम-सीलच्या आधारावर उभ्या असतात. कॅमेऱ्याला दिसत नाही ते तिथे नाहीच.

छोट्या वस्तूंतून मोठं जग उभं करायचं असेल, आणि तुमच्या बाटल्यांच्या झाकणांच्या फोटोत तसा प्रयत्न दिसतो, तर मागचं धूसर होऊ देऊ नका. खऱ्या इमारतीचा फोटो काढतो तेव्हा जवळचं, लांबचं सगळं स्पष्ट येतं, कारण आपण लांब असतो. जवळून काढलेल्या फोटोतच पार्श्वभूमी विरघळते. डोळ्याला ही खूण पाठ असते. विरघळलेली पार्श्वभूमी दिसली की तो म्हणतो, 'खेळणं आहे.' म्हणून लेन्सचं भोक (अपर्चर) लहान ठेवा, एफ ११, फार तर एफ १६; आकडा मोठा तितकं भोक लहान. त्यापुढे गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, अख्खा फोटोच मऊ पडायला लागतो. तेवढ्यानं भागलं नाही तर फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फ्रेम घ्या आणि संगणकावर जोडा.

इथे मुंबई आडवी येते. पंधरा फ्रेममध्ये काहीही हलता कामा नये आणि माझ्या गाळ्याच्या खिडकीतून मध्य रेल्वेचे रूळ दिसतात. फास्ट लोकल गेली की टेबलावरची झाकणं नाचतात, डोळ्यानं दिसत नाही इतकी, पण जोडलेल्या फोटोत कडा दुहेरी येतात. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं, फरशी घातली, काही उपयोग झाला नाही. शेवटी अशी कामं मी रात्री शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली यायच्या आत उरकते. पंखा बंद, मोबाइल लांब, आणि फ्रेम चालू असताना कुणी चालायचं नाही. वॉचमनला वाटतं आम्ही काही तरी दोन नंबरचं करतो.

वस्तू आणायच्या कुठून यावर माझं मत जरा कडक आहे. चोरबाजारातून आणू नका. मटन स्ट्रीटवर फिरा, शिका, दुकानदारांशी गप्पा मारा, पण तिथला कंदील किंवा ग्रामोफोन हा सापडलेला नसतो, निवडलेला असतो. तुमच्या आधी कुणी तरी 'हे जुनं छान दिसतं' असं ठरवून तो पुसून ठेवलाय आणि तुम्ही त्या ठरवण्याचे पैसे देताय. फोटोत तेवढंच येतं: जुनं छान दिसणं.

माझा भंगारवाला डिलाइल रोडच्या बाजूला बसतो. पहिल्यांदा गेले, ढिगातून दहा-बारा वस्तू काढल्या, तर त्यानं विचारलं, 'ताई, काट्यावर घेणार की नगावर?' प्रश्न बिनतोड होता. काट्यावर म्हणजे लोखंड लोखंडाच्या भावानं, जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) भांडं जर्मनच्या भावानं. त्याचं पुढे काय होणार ते ठरलेलं, भट्टी. नगावर म्हणजे तुम्ही ही एक, हीच, मागताय. भाव चौपट. मी भांडले नाही, कारण तो बरोबर होता. मी बोट ठेवलं त्या क्षणी ती वस्तू ढिगातून सुटून एकटी झाली होती. कलेच्या इतिहासाची व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत, पण सापडलेली वस्तू म्हणजे काय हे मला त्या काट्यापाशी कळलं. तेव्हापासून उचलण्याआधी मी स्वतःला विचारते: ही मला नगावर हवी आहे का? तुमच्या एका फोटोत एकवीस बाटल्या आहेत. त्यातल्या किती तुम्ही नगावर घेतल्या असत्या?

आणि पैशांचा व्यवहार चोख ठेवा. वेचणाऱ्या बाईनं माल शोधून दिला तर किलोचा भाव नको, तिच्या वेळेचे पैसे द्या, आधी ठरवून. चेहरा किंवा हात फोटोत येणार असतील तर विचारा आणि प्रिंट द्या, मोबाइलवरचा फोटो नाही, कागदावरचा. मुनीझच्या त्या चित्राच्या लंडनमधल्या लिलावाचे पैसे वेचकांच्या संघटनेला गेले. प्रत्येकाला लिलाव जमणार नाही, मजुरी जमते. देवनारच्या कचराभूमीत मात्र परवानगीशिवाय घुसू नका. धाडस दिसतं, पण त्रास तिथल्या लोकांना होतो.

वस्तूंना बोलायला लावण्याची घाईही तुमच्यात दिसली. पिशव्यांचा राक्षस, बाटल्यांचा मासा, खाली 'निसर्गाचा आक्रोश'. असं करू नका हो. पिशवीला राक्षस केलं की ती पिशवी म्हणून बघायची सोय राहत नाही, आणि आक्रोश वगैरे वाचून माणूस मान डोलावून पुढच्या फोटोकडे जातो. जव्हारच्या कोकणा आणि वारली कलाकारांबरोबर फोटोग्राफर गौरी गिल यांनी २०१५ पासून काढलेले फोटो मिळवून बघा. बोहाडा या सोंगांच्या उत्सवासाठी कागदी लगद्याचे मुखवटे करणारे हे लोक. त्यांनी देवादिकांऐवजी आजच्या जगण्यातले मुखवटे केले, माणसांचे, प्राण्यांचे, अगदी टीव्ही-मोबाइलचेही, आणि ते घालून गावातली रोजची कामं करताना उभे राहिले. दुकानात, घरात, बाकावर. सगळं रचलेलं आहे, पण कुणी आक्रोश करत नाही. टीव्ही टीव्ही राहतो, माणूस माणूस राहतो आणि दोन्ही एकाच धडावर असतात. त्याआधी १९९६ ते ९८ मध्ये पुष्पमाला एन. यांनी 'फँटम लेडी ऑर किस्मत' ही मालिका मुंबईतच केली. तिथे स्वतः पुष्पमालाच मुखवटा-पोशाखात, जुन्या स्टंटपटाच्या थाटात, आणि शहरच सेट. सापडलेलं म्हणजे भंगारच असं नाही, जागाही सापडते. तुमच्या इमारतीचा जिना बघितलात का नीट कधी? मला तुमच्या फोटोतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली ती एका फोटोच्या कोपऱ्यात चुकून आलेली जिन्याची झिजलेली पायरी.

छपाईबद्दल थोडंच. आकार वस्तूवरून ठरवा, दालनाच्या भिंतीवरून नाही. पोळपाट मी मूळ मापाचाच छापला, कारण हात आपोआप त्याच्याकडे जायला हवा होता. सुती कागद, पिगमेंट शाई, आणि फ्रेममध्ये काच आणि प्रिंट यांच्यात फट ठेवणारी पट्टी. ती पट्टी विसरलात तर मुंबईच्या दोन पावसाळ्यांत प्रिंट काचेला चिकटते आणि वर बुरशीची नक्षी येते. लेन्सचंही तेच; सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरे, महागडं कपाट नंतर घ्या.

राहता राहिला तिसरा प्रश्न. जर्मनीचा थॉमस डिमांड कागद-पुठ्ठ्याच्या अख्ख्या खोल्या खऱ्या मापाच्या बांधतो, फोटो काढतो आणि मोडून टाकतो. मला ते पटतं, जमत मात्र नाही. पोळपाट आमच्या घरी आला. सासूबाईंनी दोन दिवस बघितला, मग तिसऱ्या पायाखालचा खिळा ठोकून घेतला आणि वापरायला काढला, नवा कपाटावर गेला. लोखंड, पत्रा, जर्मन मी परत डिलाइल रोडला नेते. तो न बोलता काट्यावर टाकतो, नगाचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. चाळीस चपला मात्र त्यानं घेतल्या नाहीत. रबराला गिऱ्हाईक नाही म्हणाला. त्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर दोन गोणींत आहेत आणि इतक्या धुऊनही जुलै उजाडला की वास येतो.